सूर्याकडे पाठ करून बसा : गावाकडची संध्याकाळ वॉटरकलरमध्ये कशी पकडायची

आधी कबुली देतो. पहिली तीन-चार वर्षं मी जेवढ्या संध्याकाळी रंगवल्या त्या सगळ्या एकाच साच्यातल्या होत्या. वर भडक नारिंगी आभाळ, मधोमध लाल गोळा, खाली काळ्याकुट्ट रंगात एक बाभूळ आणि एक बैलगाडी, की झालं. घरचे वा वा म्हणायचे, व्हॉट्सॲपवर अंगठे यायचे, मलाही वाटायचं जमलं बुवा. मग एकदा साताऱ्याच्या माण तालुक्यात आत्याकडे गेलो होतो तेव्हा तिला तिच्याच रानाचं एक चित्र फोनवर दाखवलं, तर ती म्हणाली, "हे आमचं रान व्हय? आग लागल्यागत दिसतंय की रं."

राग आला होता, पण खरं होतं ते. आत्याच्या रानात संध्याकाळी आभाळ फार काही करतच नाही, फेब्रुवारी-मार्चला ढगच नसतात, जे काय व्हायचं ते खाली जमिनीवर होतं. ढेकळांवर, बांधावर, कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या भिंतीवर. आणि मी तिकडे पाठ फिरवून आभाळ रंगवत बसलो होतो.

तर ज्यांना वॉटरकलर थोडाफार येतो, वॉश (म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) टाकता येतो, पण संध्याकाळ काही केल्या चित्रात येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. तेलरंगवाल्यांनाही निम्मं उपयोगी पडेल पण मला त्यात गती नाही म्हणून त्यावर बोलत नाही.

बसायचं कुठं

सूर्याकडे पाठ करून. हे एवढं एक जरी केलंत तरी चित्र बदलतं. सूर्याकडे तोंड केलं की डोळे दिपतात आणि समोरच्या प्रत्येक गोष्टीची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, म्हणजे मग काळे आकार सोडून रंगवायला काही उरतच नाही, आणि आपण परत त्याच कॅलेंडरछाप चित्रावर येतो. पाठ केलीत की दुपारी ज्या मातीच्या भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नसतं ती एकदम जिवंत होते, तिच्यातले पोपडे, शेणाने सारवल्याचे फराटे, खुंटीची लांबलचक सावली, सगळं दिसायला लागतं.

फक्त सूर्य अगदी बरोब्बर पाठीमागे पण नको. तसं झालं तर सगळ्या सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि समोरचं चित्र पासपोर्ट फोटोसारखं सपाट दिसतं. उजव्या नाहीतर डाव्या खांद्याच्या मागे सूर्य ठेवा, म्हणजे उजेड तिरका येतो आणि सावल्या आडव्या पसरतात. आणि मोठ्या झाडाच्या सावलीत बसा, कागदावर थेट ऊन पडलं तर पांढऱ्या कागदाने डोळे इतके दिपतात की टोन, म्हणजे रंग किती फिका किती गडद ते, कळत नाही, सगळं फिकं वाटतं आणि आपण गडद करत सुटतो.

सूर्याकडे तोंड करून चित्र होतच नाही असं नाही हां. फ्रान्समधल्या मिले या चित्रकाराचं अँजेलस हे चित्र घ्या, १८५७ ते ५९ मधलं, बटाट्याच्या शेतात नवराबायको मान खाली घालून उभे आहेत आणि त्यांच्या मागे आभाळ उजळलंय. पण नीट बघा, त्यात सूर्य कुठे दिसतच नाही. जमीन गडद, चेहरे सावलीत, आणि उजेड फक्त कडांवर आणि लांब क्षितिजाला. गोळा काढलेला नाही म्हणून ते चित्र टिकलंय असं माझं मत आहे, कुणी वाद घालणार असेल तर घाला.

सावली काळी नसते, हे स्वतः बघून घ्या

हे पुस्तकात वाचून पटत नाही. एक पांढरा कागद घ्या, संध्याकाळच्या उन्हात धरा आणि त्यावर पेन्सिल उभी करा. ऊन पडलेला कागद पिवळसर दिसेल आणि पेन्सिलीची सावली चक्क निळसर, कधी जांभळट. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तीन-चारदा डोळे चोळले होते.

कारण सोपं आहे. दुपारी ऊन डोक्यावरून येतं तेव्हा हवेचा थर कमी ओलांडतं. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा तेच ऊन जवळपास ३८ पट जास्त हवेतून येतं, वाटेत त्यातला निळा सगळीकडे विखरून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-नारिंगी पोचतो. सावलीत सूर्य पोचत नाही, पण वरचं निळं आभाळ तर पोचतंच की, म्हणून सावली निळी. संध्याकाळच्या चित्राची सगळी गंमत या दोघांच्या शेजारात आहे. ऊन कितीही नारिंगी करा, शेजारची सावली काळी किंवा राखाडी ठेवलीत तर ते ऊन मेलेलंच दिसणार, आणि सावलीत जरा निळा-जांभळा आला की साधा पिवळसर वॉशसुद्धा उन्हासारखा तापतो. म्हणून मी आता सरळ सांगतो, की संध्याकाळ सावलीने रंगवायची.

वेळेचं गणित, आणि आत्याचं घड्याळ

आपल्याकडे संध्याकाळला एक नाव नाहीच मुळी. उन्हं कलली, दिवस कासराभर राहिला, गोरज, तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ. आधी मला वाटायचं ही सगळी कवितेतली भाषा आहे. पण आत्या रोजच्या बोलण्यात वापरते, कासरा म्हणजे बैलाचा दोर, आणि दिवस कासराभर राहिला म्हणजे सूर्य क्षितिजापासून दोरभर वर आहे. मी साडेपाचनंतर चित्राचा बोर्ड उचलला की ती ओरडते, "आरं दिवस कासराभर बी ऱ्हायला न्हाय, आन् आत्ता निघालास व्हय? च्या तरी पिऊन जा." चहा प्यायला की चित्र गेलं, हे तिला कोण सांगणार.

चित्रकाराच्या दृष्टीने हे वेगवेगळे प्रकाश आहेत आणि एका चित्रात यातला एकच घ्यायचा असतो. आपल्या भागात फेब्रुवारीच्या शेवटी सूर्य साधारण सहा चाळीसला मावळतो. त्याच्या तासभर आधी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या चौपट झालेली असते. अर्धा तास उरला की आठपट. म्हणजे पाच फुटी आत्या चाळीस फुटांची सावली टाकत गोठ्याकडे चाललेली असते. शेवटच्या पाव तासात ती सोळापट होते आणि मग सावल्या इतक्या लांब आणि पुसट होतात की पकडण्यात अर्थ नाही.

मग करायचं असं, की पावणेपाचला जागेवर पोचायचं आणि पेन्सिलचं स्केच करायचं, पण सावल्या सोडून. घर, गंज, झाड, बांध, सगळं मांडून घ्यायचं. आभाळाचा आणि जमिनीचा पहिला वॉश सव्वापाचच्या आसपास. आणि मग साडेपाच ते पावणेसहाच्या मधे कधीतरी एक क्षण ठरवायचा, सगळ्या सावल्यांच्या कडा पेन्सिलने भराभर आखायच्या आणि त्यानंतर सूर्याने काहीही केलं तरी त्या हलवायच्या नाहीत. माझी कितीतरी चित्रं यात गेली, डावीकडच्या झाडाची सावली साडेपाचची आणि उजवीकडच्या घराची सव्वासहाची. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी गंडलंय हे त्याला कळतं.

मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये जिव्हर्नी गावी घराजवळच्या गव्हाच्या गंजी रंगवल्या, पंचवीसेक चित्रं आहेत त्या मालिकेत. उजेड बदलला की तो चालू कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. आपल्याकडे एवढे कागद आणि एवढा वेळ नसतो, पण एका कागदाचे टेपने चार भाग करून दर वीस मिनिटांनी एक छोटं स्केच करून बघा, तपशील न काढता, फक्त ऊन आणि सावली. एका संध्याकाळी जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही.

रंग कुठले

कमी. संध्याकाळ बिघडते ती जास्त रंगांमुळे. मी रॉ सिएना (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), परमनंट रोज (गुलाबी, पुढे नुसतं 'रोज' म्हणेन), कोबाल्ट ब्लू आणि अल्ट्रामरीन (दोन्ही निळे), एवढ्यावर भागवतो. यलो ऑकर चालतो पण तो जरा मातकट बसतो, रॉ सिएना जास्त पारदर्शक असतो. लालमध्ये अलिझरीन क्रिमझन टाळा, दिसायला देखणा आहे पण भिंतीवर उजेडात राहिला की काही वर्षांनी उडतो. काळा रंग पॅलेटमध्ये घालूच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की हवा तेवढा गडद मिळतो, आणि तो गरम (तपकिरीकडे झुकलेला) करायचा की थंड (निळ्याकडे झुकलेला) हेही आपल्या हातात राहतं.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, ११ बाय १५ इंच, म्हणजे फुल शीटचा पाव. विद्यार्थ्यांच्या पातळ कागदावर हा उद्योग करू नका, एका वॉशमध्ये पापड होतो. ब्रश एक इंची फ्लॅट (चपटा), १२ नंबरचा राउंड (गोल), आणि काड्याफांद्यांसाठी एक रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. बाकी स्प्रे बॉटल, जुनं बनियन पुसायला, आणि पाण्याचे दोन डबे, एक गरम रंगांसाठी आणि एक थंड. दोन डब्यांचा कंटाळा केलात की तिसऱ्या वॉशला रॉ सिएनात निळं पाणी जातं आणि ऊन हिरवट होतं.

हिरव्यावरून आठवलं, आभाळ. सगळ्यांचं इथेच गंडतं. खाली पिवळा, वर निळा, ओल्यात दोन्ही भेटले की हिरवा पट्टा. उपाय हा की मधे परमनंट रोजचा अगदी फिका पट्टा ठेवायचा. पिवळा-रोज मिळून पीच होतो, रोज-निळा मिळून जांभळट, आणि हिरवा होण्याची वेळच येत नाही. कागद आधी पूर्ण ओला करा, चकाकी जरा उतरू द्या, मग खालून वर या, वर जाताना बोर्ड किंचित उलटा कलता धरा. आणि फिकं ठेवा, मावळतीजवळचं आभाळ चित्रातली सगळ्यात उजळ जागा असते, तिथे गडद नारिंगी थापला की ते भिंतीसारखं दिसतं. तसंही पाठ करून बसला असाल तर समोर पूर्वेचं आभाळ असेल, तिथे फार रंग नसतातच, जरासा निळसर करडा आणि खाली किंचित उबदार. पाच मिनिटांत उरका आणि जमिनीवर या.

कडब्याची गंज, एकच, पण नीट

सगळं सांगत बसलो तर संपणार नाही, म्हणून एकच गोष्ट घेतो. ज्वारी काढून झाली की आत्याच्या खळ्याच्या कडेला कडब्याच्या पेंढ्यांची गंज रचलेली असते. आकार सोपा, घरासारखा. सूर्य आपल्या डाव्या खांद्यामागे आहे असं धरू.

आधी सगळ्या गंजीवर आणि आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवर रॉ सिएनाचा पातळ वॉश, मधे रोजचा एखादा थेंब. उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू असा भेद करायचा नाही, सगळीकडे एकच. गंजीचा वरचा कोपरा, जिथे ऊन थेट बसतं, तिथे नखाएवढा कोरा कागद सोडा. हे पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताची पालथी बाजू लावून गार लागलं तर अजून ओलं आहे.

मग सावली. कोबाल्ट आणि रोज, त्यात बर्न्ट सिएनाचं टोक. भरपूर पाणी, मोठा राउंड भरून, आणि गंजीची उजवी बाजू, तिथून खाली उतरून जमिनीवर पडलेली सावली, हे एका दमात, ब्रश न उचलता. दोन वेगवेगळे तुकडे रंगवलेत की गंज जमिनीवर ठेवल्यासारखी दिसत नाही, चिकटवल्यासारखी दिसते. ओलं असतानाच गंजीच्या सावलीतल्या बाजूला, खालच्या अंगाला जरा बर्न्ट सिएना सोडा, कारण उन्हातल्या जमिनीवरून उलटून आलेला उजेड तिथे पोचतो. हा एक थेंब नाही सोडला तरी चित्र होतं, सोडला तर मात्र गंज गोल आणि जड वाटायला लागते.

आता जमिनीवरची सावली. ही सरळ रेषा नसते. वाटेत ढेकळं असतील तर कड दातेरी होते, सरी असेल तर ती खाली उतरून परत वर चढते, बांध आला की मोडते आणि बांधावर उभी राहते. जमिनीचा आकार दाखवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही, बांध वेगळा काढायची गरजच नाही, सावली मोडली की बांध दिसतो. गंजीजवळ कड धारदार ठेवा आणि लांब जाईल तशी पाण्याच्या ब्रशने मऊ करा. रंगही जवळ जरा गरम आणि लांब निळा.

शेवटी पेंढ्या. इथे हात आवरा. ज्वारीचं एकेक ताट काढत बसू नका, सुक्या ब्रशने उन्हाच्या बाजूला चार-सहा फटकारे आणि सावलीत दोन, बस. मी एकदा पाऊण तास ताटं मोजत बसलो आणि घरी येऊन बघतो तर खराटा.

एक गोष्ट राहिली, वाळण्याची. मार्चमध्ये माण तालुक्यासारख्या कोरड्या भागात वारं सुटलं की वॉश पाच मिनिटांत सुकतो आणि कडा पडतात, म्हणून स्प्रे बॉटल लागते. कोकणात नाहीतर पावसाळ्यात बरोब्बर उलटं, तिथे कागद वाळतच नाही आणि दुसरा वॉश पहिल्यात घुसतो. तिथे दोन चित्रं शेजारी ठेवून आलटून पालटून काम करा.

हिरवं आणि धूर

झाडं संध्याकाळी हिरवी नसतात हे मान्य करायला वेळ लागतो. उन्हाकडची पानं ऑलिव्ह-पिवळी, सावलीतली जवळजवळ जांभळट करडी. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावलात की दुपार झाली समजा. त्यात बर्न्ट सिएना मिसळाच.

आणि चुलीचा धूर. थंडीत संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होते आणि धूर वर न जाता वाडीवर चादरीसारखा आडवा पसरतो. मजा अशी की गडद झाडीसमोर तो निळसर दिसतो आणि तोच वर उजळ आभाळासमोर गेला की मातकट. हा बदल पकडला तर धूर खरा वाटतो, नुसता पांढरा फराटा मारला तर ढग खाली पडल्यासारखा. रंगवायचा नाही, काढून घ्यायचा, म्हणजे झाडी ओली असतानाच स्वच्छ ओलसर फ्लॅट ब्रश आडवा फिरवून रंग उचलायचा.

सूर्य गेल्यावर लगेच उठू नका

सगळे इथेच गाशा गुंडाळतात. पण आभाळ स्वच्छ असेल तर सूर्य मावळल्यावर लगेच पूर्वेकडे बघा. डोंगराच्या वर निळसर करडा पट्टा उगवताना दिसेल आणि त्याच्या वर फिका गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेत पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली आहे. दहा-पंधरा मिनिटांत तो वर चढून विरून जातो. कोबाल्टमध्ये रोज मिसळून खाली, वर नुसता रोज पाण्यासारखा, आणि खाली माळाचा एकच सपाट गडद तुकडा. इतकं साधं चित्र आणि इतकं शांत, माझी आवडती चित्रं सगळी या दहा मिनिटांतली आहेत.

याच वेळी रंग पण खेळ करतात. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्यांना लाल आधी काळा दिसायला लागतो आणि निळा उजळ वाटतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलंय, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. आत्याच्या दोरीवर वाळत घातलेलं लाल लुगडं आणि निळी चादर, दुपारी लुगडं डोळ्यात भरतं, दिवेलागणीला ते काळपट फडकं झालेलं असतं आणि चादर तेवढी दिसत असते. म्हणून कातरवेळच्या चित्रात लाल पागोटं लाल रंगवू नका, तपकिरी-जांभळं करा.

आणि दारातला दिवा. मोह होतो सगळ्या घरांना पिवळ्या खिडक्या द्यायचा. एकच द्या. चित्रकार हळदणकरांचं ग्लो ऑफ होप सगळ्यांनी पाहिलंय, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, निरांजन घेतलेली बाई, पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. ते १९४५-४६ मधलं आहे आणि वॉटरकलर आहे. त्यात ज्योत हाताआड झाकलेली आहे, आपल्याला दिसतो तो बोटांच्या फटीतला लाल आणि चेहऱ्यावरचा उजेड. तेच दाराला लावा, बल्ब काढू नका, उंबऱ्यावर आणि समोरच्या अंगणात पडलेला पिवळा तुकडा काढा. ती जागा पहिल्या वॉशपासून राखून ठेवायची, नंतर पांढरा टाकून पिवळा लावला तर खडूसारखा दिसतो. आणि आजूबाजूचा निळा हिंमत करून गडद न्या, वॉटरकलर वाळल्यावर फिका होतोच.

फोटोवरून करणाऱ्यांना

फोन संध्याकाळ खोटी सांगतो. ऑटोवर ठेवलं तर तो उन्हाचा पिवळेपणा काढून टाकायला बघतो, आणि उजळ भागावर टॅप केलं की सावल्या काळ्या करतो, म्हणजे जे दोन रंग आपल्याला हवे होते तेच दोन्ही गेले. व्हाईट बॅलन्स (फोटो पिवळसर की निळसर दिसेल ते ठरवणारं सेटिंग) डेलाईटवर लॉक करा, एक फोटो आभाळावर टॅप करून काढा आणि एक सावलीवर. आणि तिथेच कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा, सावली कुठल्या रंगाची होती, भिंत आभाळापेक्षा गडद होती की उजळ. कोल्हापूरचे जुन्या काळचे चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेच्या त्याच त्याच काठांवर बसून चित्रं करायचे, फोनची सोयच नव्हती. एकच जागा परत परत बघितली की फोटोतली चूक आपोआप कळायला लागते.

रात्री घरी आल्यावर पिवळ्या बल्बखाली चित्राला हात लावू नका. त्या उजेडात निळा मेलेला आणि नारिंगी फिका वाटतो, मग आपण नारिंगीचा अजून एक वॉश चढवतो आणि सकाळी उठून बघतो तर परत आग लागलेली. बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवा, ब्रश धुवा, जेवा. सकाळी ओसरीत, उन्हात नाही, सावलीत ठेवून बघा.